एका सेलने काय होते?



आपल्या शाळेत वापरलेले सेल गोळा करण्यासाठी डबा ठेवला आहे. मुले रिमोटचे, घड्याळाचे, टॉर्चचे सेल घरून आणतात. आपण मोठी माणसे मात्र म्हणतो, "एका सेलने काय होते?"

एका सेलने फारसे काही होत नाही, हे खरे. पण हेच वाक्य घरोघरी बोलले जाते. कचऱ्यात सेलचा पत्रा गंजतो, आतले जस्त व मँगनीज मातीत उतरते; काही सेलमध्ये पारा वा कॅडमियमही असते. विहिरी व बावखले यांवर वाढलेल्या वसईकरांना मातीतले पाण्यात जाते हे सांगायला नको.

मग दोष कोणाचा? प्रभू येशूने मंदिरात विधवेची दोन लहान नाणी मोलाची मानली. लहान दान देवाला दिसते, हे आपण आनंदाने मानतो. मग लहान हयगय तेवढी त्याला दिसत नाही, असे कसे म्हणावे? चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यातील याजकाने जखमी माणसाला मारले नव्हते. तो फक्त बाजूने निघून गेला. उघड्या हातांनी कचरा वेचणारी बाई आणि उद्या जन्मणारे बाळ हेही आपले शेजारीच आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात रोजच्या अशा लहान कृतींना प्रेमाचेच कार्य मानले आहे.

म्हणून घरातले जुने सेल आपण वेगळे ठेवू या. बटण सेल व लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावू या, लहान बाळांपासून दूर ठेवू या आणि मुलांबरोबर शाळेत पाठवू या. डबा मुलांनी सांभाळला आहे. सेल विकत घेणारे आपणच आहोत.