सेवेचा हात कुठे थांबावा?

वडीलधाऱ्यांची सेवा करावी की करू नये, हा आपल्या समाजात कधी वादाचा विषय झाला नाही. घरातील कर्त्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला, की सारे घर त्याच्या उशाशी गोळा होते. कोणी पाण्याचा पेला तोंडाशी धरते, कोणी घास भरवते, कोणी सदऱ्याची गुंडी लावून देते. 'तुम्ही काही करू नका, आम्ही आहोत ना' हे वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या जुन्या मराठी घरांतून एकत्र कुटुंबे विरळ झाली. हे वळण मात्र टिकून आहे, आणि त्याचा आम्हांला अभिमानही वाटतो. तरीही सुज्ञ वाचकांपुढे एक प्रश्न ठेवावासा वाटतो. आजाऱ्याचे सर्व काही आपण करणे, ही त्याची सेवा होते काय? आणि होत नसेल, तर मदतीचा हात कुठे पुढे करावा आणि कुठे आवरावा, हे कोणी व कशावरून ठरवायचे?

प्रश्न वरवर घरगुती दिसतो. पण गेल्या पाऊणशे वर्षांत भौतिकोपचार आणि पुनर्वसन या क्षेत्रांत जे संशोधन झाले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. आम्ही वैद्यकशास्त्राचे अभ्यासक नव्हे. राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य गेले, तेव्हा कागद वाचण्याची सवय तेवढी लागली. निवृत्तीनंतर समवयस्कांपैकी एकेक जण काठीला, वॉकरला, अंथरुणाला लागू लागला, तसे हे वाचन त्या दिशेने वळले.

प्रथम विश्रांतीचा विचार करू. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला सहा आठवडे अंथरुणातून हलू द्यायचे नाही, ही एके काळी जगभरची वैद्यकीय रीत होती. आमच्या पिढीने ती आपल्या वडिलांच्या, चुलत्यांच्या बाबतीत पाहिली आहे. अमेरिकेतील सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवून पाहिले आणि १९५२ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. माणूस खुर्चीत बसल्याने दगावत नाही, हे सिद्ध करावे लागले, यातच त्या काळच्या समजुतीचे बळ दिसते. पुढे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक आढावा आला. पंधरा निरनिराळ्या व्याधींत सक्तीच्या अंथरुणाचा उपयोग होतो का, हे पाहणाऱ्या ३९ चाचण्या, त्यांत मिळून ५७७७ रुग्ण. पडून राहिल्याने निश्चित लाभ झाला, असे एकाही बाबतीत आढळले नाही. काही बाबतींत मात्र प्रकृती बिघडली. ज्यांनी रुग्णांना झोपवून ठेवले, ते निर्दय नव्हते. दया होती, काळजी होती. नव्हती ती एकच गोष्ट. या दयेचा परिणाम काय होतो, हे मोजून पाहिलेले नव्हते.

दुसरे उदाहरण याहून खोल जाते. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या एका हाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा तोडून अभ्यास केला. त्या हाताची हालचाल करणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकड तो हात वापरीनासे झाले. मग टॉब यांनी चांगला हात काही दिवस बांधून ठेवला, तेव्हा माकड निकामी समजल्या गेलेल्या हाताने काम करू लागले. हात पुरता मेलेला नव्हता. सुरुवातीचे प्रयत्न फसले, दुसऱ्या हाताने काम भागले, आणि तो न वापरण्याची सवय अंगवळणी पडली. टॉब यांनी याला 'शिकलेला अनुपयोग' अशा अर्थाचे नाव दिले.

या ज्ञानाची किंमतही विसरता येत नाही. १९८१ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील माकडांच्या हालांबद्दल पोलिसांनी छापा घातला, खटला झाला. दोषी ठरवणारा निकाल पुढे अपिलात टिकला नाही. पण मुक्या प्राण्यांच्या यातनांवर माणसाचे भले उभारावे काय, हा प्रश्न न्यायालयाच्या निकालाने मिटत नाही. आज ज्याचा हात या उपचाराने पुन्हा हलतो, त्याच्यावर आणि आपल्या सर्वांवर ते ऋण आहे, एवढे तरी आपण मान्य करावे.

माणसांवर या विचाराची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले, हातात थोडी तरी हालचाल उरलेले २२२ रुग्ण त्यात होते. एका गटातील रुग्णांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जाडसर हातमोजा चढवला गेला आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास सराव करून घेतला गेला. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. पहिल्या गटाचा हात अधिक सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

आता आपल्या घराकडे पाहू. नाना डाव्या हाताने पेला उचलण्याची खटपट करीत आहेत, हात थरथरतो आहे, पाणी सांडते आहे. सून लगबगीने पुढे होते आणि पेला त्यांच्या ओठांशी लावते. तिच्या मनात मायेखेरीज दुसरे काही नाही. परंतु त्या क्षणी नानांचा हात एक धडा शिकला, की आपल्यावाचून भागते. तेथे हातमोजा चढवून चांगला हात आवरला होता. येथे नानांचा चांगला हात म्हणजे सारे घरच असते. ते आवरायचे कोणी?

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग मदत थांबवावी, आजाऱ्याला लवकर उठवावे, भरपूर राबवावे. हाही उतावळेपणाच होय, आणि हेही संशोधनानेच दाखवले आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या चोवीस तासांत उठवून वारंवार हालचाल करायला लावली तर तो लवकर बरा होईल, असे अनेक तज्ज्ञांना मनापासून वाटत होते. पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रुग्णांवर याची चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष हाती आले. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण नेहमीच्या उपचारांच्या गटात ५० टक्के निघाले, तर जोमाने उठवलेल्या गटात ४६ टक्के. नेहमीच्या गटातीलही निम्म्याहून अधिक लोक पहिल्याच दिवशी उठवले गेले होते. म्हणजे वाद उठवावे की झोपवावे असा नव्हता. किती, केव्हा आणि किती वेळा, असा होता. मायेने केलेली घाई आणि उत्साहाने केलेली घाई, दोन्ही आजाऱ्याच्या अंगावर सारख्याच पडतात.

तिसरी चाचणी आपल्या देशातील आहे, आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. भारतात प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ गावोगाव मिळत नाहीत; कुटुंब मात्र घरोघर आहे. मग घरच्याच एका माणसाला व्यायाम शिकवून त्याच्याकडून रुग्णाचे पुनर्वसन करवून घेतले तर? १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर ही कल्पना पारखली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटातील रुग्णांच्या नातलगांना रुग्णालयात आणि नंतर घरी जाऊन शिकवले गेले; दुसऱ्या गटाला जे मिळत होते ते मिळाले. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के.

आकडा निराश करणारा आहे खरा. पण शासकीय नोकरी केलेल्या माणसाला त्याचे मोल चटकन कळते. 'कुटुंबाच्या सहभागातून पुनर्वसन' अशी योजना कागदावर किती देखणी दिसली असती! खर्च अल्प, भारतीय संस्कृतीशी सुसंगत, कोणाचाच विरोध नाही. अशा प्रस्तावाला मंजुरी मिळायला वेळ लागत नाही. पुढे एखाद्या जिल्ह्यात भौतिकोपचारतज्ज्ञाची जागा रिकामी राहिली, तर 'कुटुंबीयांना प्रशिक्षण दिले आहे' हे उत्तर तयार असते. आणि ते कुटुंबीय म्हणजे प्रत्यक्षात कोण? बहुतेक घरांत पत्नी, सून किंवा लेक. आधीच दिवसभर राबणाऱ्या त्या बाईच्या माथ्यावर आणखी एक काम चढले असते, आणि आजारी माणूस सुधारला नाही तर त्याचा दोषही तिच्याच पदरी पडला असता. तसे होऊ नये, यासाठी या चाचणीने हाती एक पुरावा दिला. कुटुंबाची माया निरुपयोगी आहे, असे ती सांगत नाही. ज्या रीतीने शिकवले गेले त्या रीतीने, केवळ मायेच्या भरवशावर, परावलंबन घटले नाही, एवढेच ती सांगते. प्रेमाला कौशल्याच्या जागी बसवून शासनाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही, हा अर्थ आम्ही आमच्या अनुभवातून काढतो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. आजारी माणसांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे आणि एका गटाला नवा उपचार द्यायचाच नाही, हे नीतीला धरून आहे का? एखादा उपाय गुणकारी आहे हे ठाऊक असताना तो रोखून धरला, तर ते पापच होय. पण वरील उदाहरणांत ठाऊक कोणाला होते? हितकर वाटलेला उपाय एकदा अपायकारक निघाला, एकदा निष्फळ निघाला. जेथे जाणत्यांनाही प्रामाणिकपणे ठाऊक नाही, तेथे रुग्णाला सर्व समजावून, त्याची संमती घेऊन पारख करणे अनीतीचे नव्हे. उलट पारख न करता आपलाच समज हजारो आजाऱ्यांवर लादत राहणे, हाही एक प्रयोगच आहे. फरक इतकाच, की त्याची नोंद कोणी ठेवत नाही आणि त्याला संमतीही कोणी दिलेली नसते.

अजून एक गोष्ट राहते. या चाचण्यांत यशाचे माप बहुधा 'स्वावलंबन' असते. पण कोणते स्वावलंबन, आणि ते कोणाला हवे आहे? भारतात व्यवसायोपचाराचा पाया घालणाऱ्या कमलाबाई निंबकर या जन्माने अमेरिकन होत्या आणि विवाहाने निंबकरांच्या घरात आल्या. त्यांनी १९५० मध्ये मुंबईत या विद्येचे पहिले विद्यालय सुरू केले. माणसाला पुन्हा त्याच्या रोजच्या कामाकडे नेणे, हे या विद्येचे प्रयोजन. स्नायूचे बळ मोजून ती थांबत नाही. या हाताने या माणसाला काय करायचे आहे, असे ती विचारते. एखाद्या आजोबांना चालण्याची फारशी हौस नसेल, पण देवपूजेचे गंध स्वतः उगाळायचे असेल. एखाद्या अक्कांना स्वयंपाकघर नको असेल, पण न्हाणीघरात कोणाची सोबत नको असेल. कोणाला थकून गेल्यावर नातवाच्या हातून चार घास खाणे हेच सुख वाटत असेल. त्यालाही परावलंबन म्हणून हिणवण्याचे कारण नाही. म्हातारपणी एकमेकांवर टेकणे हा काही अपराध नव्हे. मात्र ते टेकणे त्याने निवडलेले असावे, आपण त्याच्यावर लादलेले नसावे.

आपल्या भाषेत आजाऱ्याच्या सेवेला शुश्रूषा म्हणतात. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. आम्हांस वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर याच दिशेला असावे. ऐकायचे ते दोघांचे. एक, त्या विद्येत तयार झालेल्या माणसाचे. कारण कोणता हात वापरू द्यायचा, कोणत्या पायावर भार द्यायचा नाही, कोठे तोल जाऊन हाड मोडण्याचे भय आहे, हे मायेला आपोआप समजत नाही. आणि दुसरे, स्वतः आजाऱ्याचे. कारण ती धडपड कशासाठी करायची, हे त्याच्याखेरीज कोणीच सांगू शकत नाही.

हे ऐकणे सोपे नाही. पाणी सांडताना पाहत बसणे जिवावर येते; पेला चटकन उचलून देण्याने निम्मे समाधान आपलेच होत असते. शेजारीपाजारी नावे ठेवतील, 'म्हाताऱ्याला राबवतात' असे म्हणतील, याचीही धास्ती असते. म्हणूनच हा प्रश्न आम्ही वैद्यकाचा मानीत नाही, नीतीचा मानतो. तज्ज्ञाने ज्या कामाला होकार दिला आहे आणि आजाऱ्याला जे स्वतः करावेसे वाटते आहे, तेवढ्यापुरता तरी आपला हात जवळ असावा, पण पेल्याला लागू नये. पाणी सांडले तर ते पुसायला फडके आहेच.