दाराची पायरी

वाचावयाचा भाग: अनुवाद २२:८, लूक ६:४७-४९



आम्ही खानापूर तालुक्यातील गुंजीचे. सह्याद्रीच्या या अंगाला पाऊस कसा कोसळतो, हे आम्हांस ठाऊक. तरी दारापुढील काँक्रीटच्या पायऱ्या जोत्यापासून सुटून खचल्या, तेव्हा आम्ही भेगेत सिमेंट भरून मोकळे झालो. पुढच्या पावसाळ्यात भेग पुन्हा उघडली. आम्ही पुन्हा सिमेंट भरले. अशी तीन वर्षे गेली.

त्याच सुमारास आमच्या घरच्या प्रार्थनेला येणाऱ्या एक वृद्ध भगिनी येईनाशा झाल्या. आम्ही आपसांत म्हणालो, "आजींचा विश्वास थंडावला." त्यांच्यासाठी तशी प्रार्थनाही केली! शेवटी भेटावयास गेलो, तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, "बाळांनो, तुमच्या पायरीची भीती वाटते. दोनदा तोल गेला माझा." आमच्या माना खाली गेल्या. थंडावली होती ती आमची प्रीती.

नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष घरावर येईल, असे नियमशास्त्र सांगते. त्या देशात धाब्यावर माणसांचा वावर असे. आपल्या घरी येणाऱ्याचा पाय सुरक्षित असावा, ही देवाच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नाही.

गवंड्याने पायऱ्या फोडल्या, तर खाली पोकळी! घर बांधताना पायाचा चर सैल मातीने बुजवला होता. ती कोणी चोपली नव्हती. त्यात पागोळ्यांचे पाणी वर्षानुवर्षे तेथेच मुरत होते. माती बसत गेली, वाहून गेली. वरचे काँक्रीट मजबूत होते, पण त्याला आधार नव्हता. गवंड्याने प्रथम पन्हळ लावून पाणी दूर काढले. मग घट्ट जमीन लागेपर्यंत खणले. ६-६ इंचांचे मुरुमाचे थर घालून, पाणी शिंपडून, धुमसाने चोपले. त्यावर दगडांचे सोलिंग आणि मग १ भाग सिमेंट, २ भाग वाळू व ४ भाग खडी असे काँक्रीट घातले. पुढे १० दिवस ओली पोती टाकून ते भिजत ठेवले.

लूकच्या शुभवर्तमानातील शहाण्या मनुष्याने खोल खणले, हे आपण विसरतो. भावाशी अबोला आहे, आणि आपण दानपेटीत चार पैसे अधिक टाकतो. घरात कटुता आहे, आणि आपण उपासनेत मोठ्याने गातो. हे भेगेत सिमेंट भरणेच नव्हे काय? रोज मुरणारे पापाचे पाणी आधी बंद झाले पाहिजे. मग पश्चात्तापाने खणावे, ख्रिस्त जो खडक तेथपर्यंत. पुढचे काम थराथराने होते. त्याला धीर लागतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलांना एवढेच विचारा: आपल्या दाराशी, आपल्या मंदिराच्या दाराशी, कोणाचा पाय अडखळतो?

आजी पुन्हा आल्या. पहिल्या पायरीवर त्यांनी काठी दोनदा आपटून पाहिली, आणि मग आमचा हात न धरता वर चढल्या. त्या संध्याकाळी आम्ही प्रार्थनेस आरंभ केला तो क्षमा मागून.

प्रभु आपणां सर्वांस खोल खणण्याचे धैर्य देवो. आमेन.