दाराकडे पाठ केलेली खुर्ची

नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे शाळेच्या सहलीला आलेल्या पोरालाही पाठ असतं. त्याच किल्ल्यात, त्याच तुरुंगवासात मौलाना अबुल कलाम आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ लिहिलं, हे मात्र सांगावं लागतं. पहिल्या पुस्तकात देशाचा शोध आहे. दुसऱ्यात चहा आहे, चिमण्या आहेत, पहाटेची जाग आहे, आणि एका माणसाने आपल्याच मनावर ठेवलेली पाळत आहे. खचलेल्या मनाने रोजचा दिवस कसा काढायचा, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने दुसरं आधी वाचावं.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते मुंबईत पकडून नगरला आणले गेले. आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. कलकत्त्याहून निघताना पत्नी झुलेखा बेगम दारापर्यंत आल्या होत्या. ‘खुदा हाफिज’पलीकडे त्या काही बोलल्या नाहीत. मार्च १९४३ मध्ये त्या गंभीर आजारी असल्याची तार किल्ल्यात आली. तुरुंगाच्या अधीक्षकाने सुचवलं, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर मी लगेच सरकारला कळवतो. सरकारकडे काही मागायला आझादांनी नकार दिला. मग तो नेहरूंकडे गेला, नेहरू दुपारी येऊन बोलले, तरी नकार कायम. ९ एप्रिलला झुलेखा बेगम गेल्या. छत्तीस वर्षांचा संसार संपला. बातमी सकाळीच रेडिओवरून अधीक्षकाला कळली होती, सोबतच्या काही कैद्यांनाही त्याने सांगितली होती. आझादांच्या हातात तार पडली दुपारी दोनला.

दोन तारांमधल्या त्या दिवसांबद्दल आझादांनी जे लिहिलं आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. वर्तमानपत्रं दुपारी यायची. ती घेऊन येणाऱ्याची पावलं ऐकू आली की त्यांच्या छातीत धडधड सुरू व्हायची: आज काय छापून आलं असेल? पण त्यांची बसायची जागा अशी होती की पाठ दाराकडे. समोर येईपर्यंत येणाऱ्याला चेहरा दिसत नसे. तेवढ्या वेळात ते स्वतःला सावरत. माणूस समोर आला की नेहमीसारखं हसून टेबलाकडे खूण करत, तिथे ठेवा. आणि पुन्हा लिहायला लागत, जणू पेपर बघायची काही घाई नाही. जेवणाची वेळ चुकली नाही, दिनक्रमात काडीचा फरक पडला नाही. हे सगळं वर्णन करून ते पुढे कबूल करतात की हा देखावा होता. आपल्याला कुणी अधीर, हळवं म्हणू नये म्हणून मनातल्या अहंकाराने मांडलेलं नाटक होतं.

चेहऱ्याने जे लपवलं ते वजनाने सांगितलं. अटक झाली तेव्हा ते १७० पौंड होते, नगरहून हलवलं तेव्हा १३०. भूक मेली होती, असं त्यांनीच ‘इंडिया विन्स फ्रीडम’मध्ये नोंदवलं आहे.

आमच्या जिल्ह्याला हे नाटक चांगलं ओळखीचं आहे. दक्षिण नगरचा माणूस दुष्काळात, टँकरच्या रांगेत, सोसायटीच्या कर्जात वाढलेला. ‘रडत काय बसायचं, कामाला लाग’ हे इथलं बाळकडू. त्या बाळकडूवर पिढ्या जगल्या, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याची किंमत दवाखान्यात दिसते. बाई येते ती ‘चक्कर येते, छातीत धडधडतं, हातापायातलं त्राण गेलं’ म्हणत. गडी येतो तो ‘पित्त झालंय, झोप लागत नाही’ म्हणत. सलाईन लागतं, ईसीजी निघतो, तो चांगला येतो आणि घरचे म्हणतात, ‘काही नाही, टेन्शन घेतेय उगाच.’ बाई तशीच परत भांड्यांना बसते. पाठ दाराकडे करून.

इथे एक भेद करायला हवा. आझादांना झाला तो शोक होता आणि त्याआधीची होती ती काळजी. दोन्ही निरोगी मनाची लक्षणं. उदासीनतेचा आजार वेगळा. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, दिवसाचा बराचसा वेळ मन बसलेलं, कशातच गोडी नाही, झोप आणि भूक बिघडलेली, आपण कुणाच्या कामाचे नाही असं सतत वाटणं, हे असेल तर तो आजार समजावा. चिंतेच्या आजारात धोका समोर नसतानाही शरीर धोक्यात असल्यासारखं वागतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उदासीनतेच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांवर उपचार होत नसल्याचं आढळलं. सर्वेक्षण बारा राज्यांतलं होतं, महाराष्ट्र त्यांत नव्हता. आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

उपचार न घेण्याला एक कारण असंही आहे की मानसिक आजार म्हटला की नगरकरांच्या डोळ्यांसमोर थेट शिंगवे नाईकचं ‘माउली’ उभं राहतं. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावर टाकलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी उभं केलेलं ते घर. त्या कामापुढे हात जोडावेत. पण रोज शाळेत शिकवायला जाणारा, दूध संघात माप घालणारा, सासूचं पथ्य सांभाळणारी अशी माणसं त्या चित्रात स्वतःला शोधू शकत नाहीत. ‘मी काय तितका वेडा आहे का?’ असं म्हणून प्रश्न तिथेच मिटतो.

मग नाटकाशिवाय आझादांकडे काय होतं? दिनक्रम होता. पहाटे तीन-चारला उठून स्वतः चिनी चहा करायचा, तोही बिनदुधाचा, मोगऱ्याच्या वासाचा. (चहात दूध घालणाऱ्यांविषयी त्यांचं मत वाचून कुणाही नगरकराला राग यावा.) खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. आधी त्यांच्याशी लढाई झाली, लढाई हरल्यावर तह झाला. तांदळाचे दाणे टाकत टाकत त्या हातावर येऊन बसेपर्यंत मौलानांनी धीर धरला आणि एकेकीला मुल्ला, कलंदर, मोती अशी नावं दिली. तिकडे नेहरू कुदळ घेऊन अंगणात वाफे खणत होते, खणताना जुन्या भिंतींचे अवशेष हाती लागत होते.

मन बरं होईल मग कामाला लागू, असा आपला हिशेब असतो. उदासीनतेत तो उलटा चालतो. हात हलले की मागून मन थोडं हलतं. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने हे पारखून पाहिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र उदासीनता असलेल्या ४९५ जणांची चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. बोलणं साधंच: सोडून दिलेली कोणती गोष्ट या आठवड्यात पुन्हा करता येईल? अंगणापर्यंत जाता येईल? बहिणीला फोन? तीन महिन्यांनी पहिल्या गटात १०० पैकी ३९ जण आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्यात ६४. ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगभर चर्चा झाली.

आम्हा नगरकरांना त्यात नवल वाटायला नको होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं ते याच विश्वासावर. गावातली, बहुतेकदा शाळेचं तोंड न पाहिलेली बाई निवडायची, तिला शिकवायचं आणि गावाचं आरोग्य तिच्या हाती द्यायचं. जुलाब, बाळंतपण, कुष्ठरोग या बायकांनी हाताळले. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे मिळाला. पुढे जामखेड परिसरातल्या बायकांचं मानसिक आरोग्य आणि सक्षमीकरण यांवर एक अभ्यास झाला, २००७ मध्ये तो छापूनही आला. डॉ. आरोळे आणि ‘संगत’चे डॉ. विक्रम पटेल, दोघेही त्यात होते. म्हणजे धागा इथपर्यंत आला होता. आज प्रत्येक गावात आशाताई आहे. तिच्याकडे लसीकरणाची, गरोदरपणाची, क्षयाची नोंद आहे. तिला वेळ, प्रशिक्षण आणि मोबदला देऊन हे ऐकण्याचं काम का शिकवू नये? नुसतं आणखी एक रजिस्टर तिच्या डोक्यावर टाकणार असाल तर मात्र नको.

ऐकणारा मात्र हवाच, कारण दिनक्रम माणसाला दिवसभर धरून ठेवतो, रात्री नाही. आझादांचं पुस्तक हा पत्रांचा संग्रह आहे. पत्रं लिहिली मित्राला, हबीबुर रहमान खान शेरवानींना, आणि ती टपालात पडणार नाहीत हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ते लिहीत राहिले. पत्नी गेल्यानंतर दोन दिवसांनी ११ एप्रिलचं पत्र आहे. दाराकडे पाठ केलेल्या खुर्चीचं गुपित त्याच पत्रात फुटलं. ज्याला सोबतच कैदेत असलेल्या नेहरूंनाही मन दाखवायचं नव्हतं, त्यालाही कुणीतरी एक लागलाच, समोर नसलेला का होईना. इतका खंबीर माणूस जर ऐकणाऱ्याशिवाय राहू शकला नाही, तर शेवगावच्या कर्जबाजारी बापाकडून किंवा पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या खोलीत चौथं वर्ष काढणाऱ्या त्याच्या पोराकडून आपण कसल्या खंबीरपणाची अपेक्षा करतो?

ऐकणारा पुरेल असं नेहमी नसतं. औषधं लागतात, तेव्हा ती घ्यावीत. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. आपली माणसं आठ दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून सोडतात किंवा बरं वाटताच स्वतःच्या मनाने बंद करतात. दोन्ही चुकीचं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. तिथे जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही, लाज तर मुळीच लागत नाही.

दिवाळी येईल तेव्हा पाथर्डी, जामखेड, शेवगावातून ऊसतोडीच्या गाड्या निघालेल्या असतील. उचल घेतलेलं जोडपं कारखान्याच्या फडावर जाईल, घरी म्हातारी आणि नातवंडं उरतील, ती पार मार्च-एप्रिलपर्यंत. शहरांतून मुलं मात्र चार दिवसांसाठी घरी आलेली असतील. फराळाच्या ताटाशी सगळे हसरे दिसतात. अशात कुणी गप्प वाटलं, तर ‘काय रे, बरा आहेस ना?’ एवढ्यावर सोडू नका, त्या प्रश्नाला ‘हो’शिवाय उत्तरच नसतं. ‘झोप लागते का तुला?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारता येतं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. लगेच उपदेश करू नका, स्वतःची कहाणी सुरू करू नका. आणि तुमच्याने पुढचं निभत नसेल, तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे. क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.