गुलाबाचे कारण आणि माळ्याची काळजी

जमिनीलगत पसरणारे पांढरे गुलाब युरोप-अमेरिकेतल्या लहान बागांमध्ये गेल्या साठ वर्षांत रुजले. उंची गुडघ्याएवढी किंवा थोडी वर, फांद्या आडव्या धावणाऱ्या, पाने बारीक आणि चकचकीत, फुले लहान पण झुबक्यांनी आणि थंडी पडेपर्यंत येत राहणारी. अमेरिकेत 1964 मध्ये बाजारात आलेला ‘सी फोम’, फ्रान्समधल्या मेयाँ घराण्याचा ‘स्वॅनी’, डेन्मार्कच्या पोलसेन यांचा 1988 चा ‘केंट’, आणि जर्मनीत ग्युटर्सलोह इथल्या नोआक यांच्या रोपवाटिकेतला 1991 चा ‘श्नेफ्लोके’ ही त्यांतली ठळक नावे. या सगळ्यांच्या पाटीवर एकच गुण मोठ्या अक्षरात असतो: देखभाल कमी. फवारणी नको, छाटणीचे शास्त्र नको, सुकलेली फुले खुडत बसायला नको. रोपवाटिकेच्या दृष्टीने ही सोय आहे. विचार करणाऱ्याला मात्र त्यातून एक जुना प्रश्न पुन्हा भेटतो. ज्याला आपली फारशी गरज नाही, त्याच्याशी माणसाचे नाते काय राहते? आणि माणसाने स्वतःच्या सोयीसाठी घडवलेले फूल स्वतःसाठी फुलते असे म्हणता येईल का?

ही सोय आपोआप मिळालेली नाही. मॅक्स एर्न्स्ट विचुरा हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ 1859 मध्ये निघालेल्या प्रशियाच्या मोहिमेबरोबर पूर्व आशियात गेला होता. जपानात त्याने जमिनीवर सरपटणारा एक पांढरा रानगुलाब टिपला. पुढे त्याचेच नाव त्या जातीला मिळाले: रोझा विचुराना. आजच्या पसरणाऱ्या अनेक गुलाबांच्या वंशावळीत हा रानगुलाब कुठे ना कुठे असतोच. ‘सी फोम’च्याही आहे. दरम्यान बागेतल्या दिमाखदार गुलाबांची दिशा उलटी होती. लिऑनचे संकरकार पेर्ने-द्युशे यांनी 1900 मध्ये गडद पिवळा रंग संकरात आणला आणि त्याबरोबर काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडणारी पानेही आणली. रंग मिळाला, पण फवारणीचा पंप माळ्याच्या खांद्याला चिकटला तो कायमचाच. जर्मनीत गुलाबांच्या नव्या जातींची जी परीक्षा होते, तिच्यात 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून रासायनिक औषधे वापरतच नाहीत. काही वर्षे वेगवेगळ्या बागांत जे रोप विनाऔषध टिकते तेच उत्तीर्ण. म्हणजे काळजी नाहीशी झालेली नाही. ती घरच्या बागेतून संकरकाराच्या वाफ्यात गेली, आणि तिथे तिला निष्ठुर निवडीचे रूप आले: हजारो रोपे उपटायची, एखादे ठेवायचे.

गुलाबाविषयीचा सर्वांत धारदार तात्त्विक विचारही जर्मन भाषेतलाच आहे. योहान शेफलर 1624 मध्ये सिलेशियातल्या ब्रेस्लाउ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये जन्मला. शिक्षणाने वैद्य, जन्माने लुथरपंथी. 1653 मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला, पुढे धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि आंगेलुस सिलेसिउस या नावाने लिहिले. 1657 मध्ये निघालेल्या त्याच्या द्विपदींच्या संग्रहात एक द्विपदी गुलाबावर आहे. गुलाब फुलण्यासाठी कारण शोधत नाही, स्वतःचा विचार करत नाही आणि आपल्याला कोणी पाहते आहे का याचीही त्याला पर्वा नसते, असा तिचा आशय. शेफलर हे माणसासाठी लिहीत होता. ईश्वराकडे जाणाऱ्या माणसाने फळाचा, बक्षिसाचा, इतकेच काय स्वर्गाचाही हिशेब सोडावा, हे गूढवाद्यांचे म्हणणे त्याने गुलाबाच्या तोंडून न बोलता सांगितले. गीतेतला निष्काम कर्माचा विचार ज्याच्या कानावरून गेला आहे त्या मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही. फरक एवढाच की गीता कर्म करणाऱ्याशी बोलते, आणि गुलाब काही ‘करत’ नाही.

जवळजवळ तीनशे वर्षांनी, 1955-56 च्या हिवाळ्यात, जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने फ्रायबुर्गमध्ये दिलेल्या व्याख्यानांत ही द्विपदी उचलली. त्याच्यासमोर लायब्निट्सचे तत्त्व होते: कारणाशिवाय काहीच नसते. मग गुलाब या नियमाला अपवाद आहे का? हायडेगरचे उत्तर बारीक आहे. गुलाबाच्या फुलण्याला कारणे आहेतच. ऊन, पाणी, माती, ऋतू ही वनस्पतिशास्त्रज्ञ सांगेल. पण गुलाबाला स्वतःला ती कारणे समोर मांडून घ्यावी लागत नाहीत. माणूस मात्र कारण मागितल्याशिवाय जगू शकत नाही. आणि कारण मागण्याची ही सवय आधुनिक काळात इतकी वाढली की प्रत्येक वस्तू ‘कशासाठी’ या प्रश्नाला उत्तर देण्यापुरतीच उरली, ही त्याची खरी तक्रार.

इथे पसरणारा पांढरा गुलाब दोघांनाही अडचणीत आणतो. शेफलरचा गुलाब अकारण असेल. ‘श्नेफ्लोके’ला कारण आहे आणि ते विक्रीच्या यादीत छापलेले आहे: उतार झाकणे, तण दाबणे, वेळ वाचवणे. हे रोप निसर्गाचे मानायचे की माणसाने केलेली वस्तू? ॲरिस्टॉटलने ‘फिजिक्स’च्या दुसऱ्या पुस्तकात अँटिफोनचा एक दाखला दिला आहे. लाकडी पलंग जमिनीत पुरला आणि कुजता कुजता त्याला कोंब फुटलाच, तर त्यातून पलंग उगवणार नाही, झाड उगवेल. आकार माणसाचा, वाढण्याची शक्ती लाकडाची. दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेल्या गुलाबाच्या बाबतीत हा दाखला शब्दशः खरा ठरतो. लक्ष नसेल तर खुंटावरून रानटी फुटवे येतात आणि काही वर्षांत वरची नावाजलेली जात मरून खालचा खुंटच वाफाभर माजतो. पसरणारे गुलाब मात्र बहुधा छाटकलमापासून स्वतःच्याच मुळांवर वाढवलेले असतात. त्यांना पुन्हा फूट आली तर तीच जात येते. माणसाचा हेतू त्यांच्यात इतका खोल उतरला आहे की खरवडून काढला तरी खाली दुसरे काही सापडत नाही. ॲरिस्टॉटलची रेघ इथे पुसट होते, पुसली जात नाही. संकरकार पराग निवडतो, रोप निवडतो. पाकळी उमलवणे त्याच्या हातात कधीच नसते.

कांटने 1790 च्या ग्रंथात फुलांना मुक्त सौंदर्याचे उदाहरण मानले, कारण फूल सुंदर वाटण्यासाठी ते कशासाठी आहे हे माहीत असावे लागत नाही. त्याच ग्रंथात तो म्हणतो की निसर्गप्रेमी माणसाला फसवून जमिनीत कृत्रिम फुले खोवली आणि ही लबाडी त्याला कळली, तर त्याची ओढ तिथेच संपेल. संकरित गुलाब या कसोटीला उतरतो. त्याची वंशावळ वाचली म्हणून ओढ आटत नाही, उलट थोडी वाढते. तेव्हा निवाडा असा करावा लागेल: या गुलाबाच्या जन्माला माणसाचे कारण आहे, फुलण्याला नाही.

राहिली काळजी. हायडेगरने 1927 च्या ‘अस्तित्व आणि काल’ या ग्रंथात एक जुनी लॅटिन कथा दिली आहे. काळजी नावाची देवता नदी ओलांडताना चिकणमाती पाहते आणि तिच्यातून एक आकृती घडवते. ज्युपिटर तिच्यात प्राण घालतो. नाव कोणाचे द्यायचे यावर ज्युपिटर, पृथ्वी आणि काळजी यांचे भांडण होते. निवाडा शनीचा: मेल्यावर प्राण ज्युपिटरला मिळेल, देह पृथ्वीला, जिवंत आहे तोवर हा माणूस काळजीचा. या कथेच्या उजेडात देखभाल शून्य असलेल्या बागेची जाहिरात पोकळ वाटू लागते. ज्याला काहीच लागत नाही असे रोप माणसाला हवे असते, ते कष्ट टाळण्यासाठी. पण कष्ट वेगळे आणि काळजी वेगळी. फवारणी टळली तर कष्ट टळले, आणि ते चांगलेच झाले. रोपाकडे पाहणे टळले तर बाग सजावटीचे सामान होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न तेराव्या शतकात सोलापूर जिल्ह्यातल्या अरणच्या मळ्यात सुटल्यासारखा आहे. संत सावता माळी पंढरीला न जाता मळ्यातच विठ्ठल पाहत, असे परंपरा सांगते. मळ्यातले काम त्यांच्या लेखी भक्तीच्या आड येणारे नव्हते आणि भक्तीचे साधनही नव्हते. तीच भक्ती होती. शेफलरने हिशेब सोडलेले फूल दाखवले, सावतोबांनी हिशेब सोडलेला माळी दाखवला. माणसाला अनुकरण करता येण्याजोगे उदाहरण या दोहोंतले दुसरे आहे.

बाल्कनीतल्या कुंडीत हा सगळा वाद व्यवहारावर येतो. जमिनीत लावलेला पसरणारा गुलाब पहिले वर्ष जगवला की मुळे खोल जातात आणि तो बराचसा स्वतःचे पाहतो. तरी लावण्याआधी तणांची मुळे उपसावी लागतात, कारण नंतर त्या काटेरी पसाऱ्यात हात घालणे शिक्षाच. कुंडीत मुळांना पाणी शोधत जायला जागा नाही, म्हणून स्वावलंबी म्हणून घडवलेली जात तिथे पुन्हा परावलंबी होते. खोल कुंडी, तळाला चांगला निचरा, दिवसाचे सहा तास ऊन, दोन-तीन वर्षांनी वरच्या थरातली माती बदलून खत, आणि वर्षातून एकदा वाढ सुरू होण्याआधी सरसकट छाटणी एवढे तिला पुरते. पाणी मात्र ठरावीक मापाने घालू नये. माती बोटाने चाचपावी आणि कोरडी लागली तरच घालावे. उन्हाळ्यात हे रोज करावे लागते.