विष पचविणारे जंतु आणि आपलें कर्तव्य

घाण करणारानें ती मागाहून धुतली म्हणजे त्याचा दोष संपतो काय? हा प्रश्न गांवच्या पाणवठ्यावर जसा निघतो, तसाच मोठमोठ्या कारखान्यांविषयींही निघतो. त्याचें एक खरें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

अमेरिकेंतील साउथ डकोटा प्रांतांत लीड नांवाच्या गांवीं होमस्टेक ही सोन्याची खाण होती. ती १८७६ सालीं सांपडली व २००२ सालीं बंद झाली. दगडांतून सोनें वेगळें करण्यासाठीं तेथें सायनाइड हें जालीम विष वापरीत. खाणीचा गाळ १९७७ पर्यंत व्हाइटवुड नांवाच्या ओढ्यांत सोडीत असत. पुढें गाळ अडविला, तरी विषारी पाण्याचा प्रश्न उरलाच.

मग शोधकांस असें आढळलें कीं, त्या दूषित पाण्यांतच सायनाइड पचविणारे सूक्ष्म जंतु राहतात. शेणाचें खत करणारे जंतु जसे डोळ्यांस दिसत नाहींत, तसेच हेही. १९८४ सालीं त्यांस कामास लाविलें. मोठमोठीं चाकें, कांहीं भाग पाण्यांत व कांहीं हवेंत, अशीं रहाटाप्रमाणें सावकाश फिरत. त्यांवर ह्या जंतूंचा बुळबुळीत थर वाढे. जंतु सायनाइड खाऊन त्याचा अमोनिया करीत. अमोनियाही माशांस घातक; म्हणून दुसरे जंतु त्याचें सौम्य क्षारांत रूपांतर करीत. ह्याप्रमाणें शुद्ध झालेलें पाणी ओढ्यांत सोडूं लागले, आणि ओढ्यांत ट्राउट मासे पुन्हा नांदूं लागले.

तर मग दोष संपला काय? आमच्या मतें नाहीं. सायनाइड मोडून त्याचे घटक वेगळे होऊं शकतात; परंतु सोमल हें मूलद्रव्य आहे, त्याचा नाश कोणताही जंतु करूं शकत नाहीं; फार तर तें एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाईल. जुन्या गाळाबरोबर सोमल ओढ्याच्या कांठीं पसरला होता. १९८३ सालीं सरकारनें ती जागा देशांतील अति दूषित स्थळांच्या यादींत घातली. कित्येक घरांच्या अंगणांतील माती खणून न्यावी लागली. त्या रहिवाशांनीं तो गाळ सोडिला नव्हता.

येथें दोन चुकीचीं उत्तरें संभवतात. एक म्हणतो, उपाय सांपडला, आतां खुशाल घाण करावी. दुसरा म्हणतो, डाग पुरता जात नाहीं, मग धुवावें तरी कशास? पहिला शेजाऱ्यास विसरतो, दुसरा कर्तव्यास. जें निवारतां येतें तें झटून निवारावें, आणि जें परत घेतां येत नाहीं तें मुळींच सोडूं नये, हेंच आम्हांस योग्य वाटतें.

वाचकहो, फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा ओढ्यांत धुतांना हाच प्रश्न आपल्याही हातीं असतो. खालच्या वस्तीची घागर त्याच पाण्यानें भरावयाची आहे, हें आधींच ध्यानांत आणावें.