विचारलं नाही तर सांगावं का?

बैलबाजाराची एक रीत आहे. विकणाऱ्यानं बैलाची खोड आपण होऊन सांगायची नाही. घेणाऱ्यानं दात बघावेत, खूर बघावेत, पाठीवरनं हात फिरवावा, दहा पावलं चालवून बघावं. विचारलं तर उत्तर द्यायचं, नाही विचारलं तर गप. खरसुंडीच्या यात्रेत खिलारांचे सौदे मी लहानपणापासून बघत आलोय. रुमालाखाली बोटं धरून किंमत ठरते, अन् एकदा ठरली की मागनं कुरकुर चालत नाही. याला कुणी लबाडी म्हणत नाही.

ही रीत गाडीला लागू पडते का, हा प्रश्न आमच्या घरात जीप विकताना निघाला.

जीप जुनी, डिझेलची. चढाला तापायला लागली होती. काटा वर सरकायचा, सपाटीला आलं की पुन्हा खाली. रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी कमी. अशा वेळी पाणी जातंय कुठं, ते आधी हुडकावं लागतं. हौज पाईप बघितले, कोरडे. ऑइलची पट्टी काढून बघितली. पाणी ऑइलात मिसळलं तर ते ताकागत पांढरट होतं, तसं काही नव्हतं. मग इंजिन गार झाल्यावर मेस्त्रीनं पंख्याची दोन पाती धरून मागंपुढं हलवली. पंखा दांड्यासकट कटकट हलला. पंपाच्या खालच्या अंगाला तांबूस ओघळ वाळलेला.

"तात्या, वॉटर पंप गेलाय," मेस्त्री म्हणाला. "कवापास्नं सांगतोय बघा."

सांगतोय म्हणजे काय, ते त्यानं दाखवलं. फॅनबेल्टवर हा पंप फिरतो अन् रेडिएटरमधलं गार पाणी इंजिनात ढकलतो. त्याचा दांडा बेअरिंगवर फिरतो. पाणी बेअरिंगकडं जाऊ नये म्हणून मधे सील. अन् सील आणि बेअरिंग यांच्या मधल्या जागेत, बॉडीला खालनं, एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील झिजलं की पाणी तिथनं बाहेर टपकावं, बेअरिंगमध्ये शिरू नये. हे मला फार आवडलं. सील एक दिवस जाणार हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं, अन् त्यानं ते लपवायच्या ऐवजी बोलायला वाट ठेवली.

माझा मेव्हणा म्हणाला, "दाजी, त्या भोकात एमसील भरा अन् गिऱ्हाईक आलं की दाखवा. त्यो काय पंपाचं इचारनार हाय?"

मेव्हणा वाईट माणूस नाही. घरात पैशाची नड होती, अन् त्यानं बाजाराचीच रीत सांगितली. पण बैल स्वतः बोलतो. लंगडत असला तर चार पावलांत कळतं, मारका असला तर डोळ्यांत दिसतं. घेणारा शेतकरी अन् विकणारा शेतकरी, दोघांची नजर सारखी. इंजिनाच्या पोटातलं त्या घेणाऱ्याला काय दिसणार? त्याला दिसावं म्हणून एकच भोक ठेवलंय, अन् आपण नेमकं तेच बुजवायचं. गप बसणं निराळं अन् दुसऱ्याचं तोंड दाबणं निराळं. शिवाय भोक बुजवलं की पाणी बेअरिंगात जाणार, आठ-पंधरा दिवसांत पंप जागीच धरणार. गिऱ्हाईक पाटणकडचं होतं. कुंभार्ली घाटातनं चिपळूणला वडाप करायचं म्हणत होतं. घाटात दहा-बारा माणसं भरलेली असताना इंजिन तापून बसलं तर?

मेस्त्रीनं त्याचा हिशेब सांगितला. "सोताची गाडी घरापतुर न्यायची आसंल तर मी बुजवून दीन. इकायच्या गाडीला न्हाई."

पंप बदलला. पाणी सोडलं, बेल्ट सैल केला, पंखा उतरवला. जुनं पॅकिंग खरवडून काढायलाच तासभर गेला. तिथं कण राहिला तर नवा पंपही गळतो. नवं पॅकिंग लावून बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. पाणी अन् कुलंट भरून, झाकण उघडं ठेवून गाडी चालू ठेवली, आतली हवा बुडबुडे येऊन निघून गेली. काटा जाग्यावर राहिला.

इथवर सोपं होतं. खरा पेच पुढं. आता पंप नवा, गळती नाही, गाडी तापत नाही. मग ती आधी तापत होती, हे सांगायचं का? मेव्हण्याचं म्हणणं, दुखणं बरं झालं, आता ते कशाला उगाळायचं. यात दम आहे. बरा झालेला माणूस सोयरिकीला गेला की जुन्या तापाची यादी वाचत नाही. पण तापलेल्या इंजिनाच्या हेडला काय झालंय, ते हेड खोलल्याबिगर मेस्त्रीलाही छातीठोक सांगता येत नाही. जे मलाच नक्की माहीत नाही, त्याची जोखीम गुपचूप त्याच्या गळ्यात घालायची, एवढाच त्याचा अर्थ होत होता.

मी सांगितलं. गिऱ्हाइकानं जुना पंप मागून घेतला, दांडा बोटानं हलवून बघितला, भोकाशी नाक नेऊन बघितलं, अन् ठरलेल्या किमतीतनं 4,000 रुपये कमी केले. "इंजान किती येळा तापलं आसंल, काय सांगावं," म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. पंपाचा अन् मेस्त्रीच्या मजुरीचा खर्च गेला तो निराळाच.

मेव्हणा त्या दिवशी जेवायला थांबला नाही. अजूनही कुणाची गाडी विकायची निघाली की तो चारचौघांत म्हणतो, आमच्या दाजींना तेवढं बोलवू नका.