घर सोडणाऱ्या मुलाची संमती

आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाने घर सोडावे का, हा प्रश्न पोलीस ठाण्यात पोचण्याच्या कितीतरी आधी धर्माने हाताळला आहे. विनयपिटकातल्या महावग्गात बुद्धाचा मुलगा राहुल याच्या प्रव्रज्येची, म्हणजे संन्यासदीक्षेची, कथा येते. आधी मुलगे गेले, आता नातूही गेला, या दुःखाने बुद्धाचे वडील शुद्धोदन यांनी त्याच्याकडे विनंती केली आणि बुद्धाने नियम घातला : आईवडिलांच्या परवानगीवाचून कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. या नियमाची रचना मला फार महत्त्वाची वाटते. तो मोडला तर दोष प्रव्रज्या देणाऱ्या भिक्षूचा, आलेल्या मुलाचा नव्हे. मज्झिम निकायातला रट्ठपाल परवानगी मिळेपर्यंत अन्न सोडून जमिनीवर पडून राहतो, आणि शेवटी आईवडीलच नमतात. आपल्याकडे बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून निघून गेला, ही समर्थ रामदासांची परंपरागत कथा पिढ्यान्‌पिढ्या आदराने सांगितली जाते. निघून जाणाऱ्याला परंपरेने गुन्हेगार मानले नाही. त्याला ठेवून घेणाऱ्यावर मात्र तिने बंधन घातले.

भारतीय कायद्याची मांडणीही मुळात अशीच आहे. दंडसंहितेच्या कलम ३६१ प्रमाणे अज्ञान मुलाला पालकाच्या ताब्यातून नेणे किंवा फूस लावणे हा गुन्हा होता; मुलाने स्वतः निघून जाणे हा गुन्हा नव्हता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच तत्त्व आहे. पूर्वी मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा असलेली वयोमर्यादा तेवढी आता दोघांना अठरा झाली. १९६४ मध्ये वरदराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा स्पष्ट केली. अठरा पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिलेली, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आपणहून घराबाहेर पडली आणि एका तरुणासोबत राहिली. तिला सोबत येऊ देणे म्हणजे तिला ‘नेणे’ नव्हे, असे न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिले आणि शिक्षा रद्द झाली. आरोपीने आधी वचन देऊन, मन वळवून तिला बाहेर काढले असते, तर निकाल वेगळा लागला असता, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे पालकांची संमती हे बाहेरच्या माणसांविरुद्धचे कुंपण आहे. मुलावरची मालकी तिने सिद्ध होत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. सोळाव्या वर्षी स्वतःचा वाटणारा निर्णय अनेकदा दुसऱ्याने पढवलेला असतो, आणि मुलींची खरेदी-विक्री करणारे अशाच ‘स्वेच्छे’चा आडोसा घेतात. म्हणूनच मुलाच्या शब्दावर प्रकरण मिटवता येत नाही. त्या शब्दामागे कोण आहे याची चौकशी झालीच पाहिजे. पण चौकशी करणे वेगळे आणि पोलिसांनी मूल आणून बापाच्या हवाली करणे वेगळे. दुसरा आक्षेप कुटुंबाचा : आईवडिलांइतके हित कोण पाहणार? बहुतेक घरांत हे खरे आहे. परंतु सतराव्या वर्षी मुलीचे लग्न ठरवणारे, मारहाण करणारेही पालकच असतात. धोका घरातच असेल, तेव्हा पालकांच्या संमतीचे कुंपण मुलाला आतच कोंडून ठेवते. बालन्याय अधिनियम २०१५ ने हे ओळखले आहे. पळून आलेले मूल किंवा बालविवाहाचा धोका असलेले मूल त्यात आरोपी नसते, काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक असते. ते स्वतःही बालकल्याण समितीपुढे उभे राहू शकते, आणि वय व समज पाहून त्याच्या मताची दखल घ्यावी, हे त्या कायद्याचे मूलतत्त्व आहे.

याचा अर्थ अठराच्या आत स्वतंत्र राहण्याचा सरसकट हक्क मिळतो, असा नाही. अज्ञानाने केलेला करार आपल्या कायद्यात निरर्थक आहे. साधी खोली भाड्याने घेणेही त्याला जमणार नाही. त्याचा खरा हक्क ऐकले जाण्याचा आहे, आणि तो पोकळ ठरू नये यासाठी समितीने मुलाशी आधी एकांतात, आईवडील दाराबाहेर असताना बोलावे. ‘तू का निघालास?’ या प्रश्नाचे उत्तर नोंदवल्याखेरीज एकाही मुलाला घरी पाठवू नये.